सरळ अक्षरं

माधवराव केळकर भिवंडीच्या कोर्टात नकला लिहायचे. त्यांच्या हातची नक्कल मिळाली की वकील ती दोनदा बघत, एकदा मजकुरासाठी आणि एकदा नुसत्या अक्षरासाठी. निवृत्तीनंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण थरथर काही गेली नाही. बँकेत सही जुळेना, म्हणून खात्याला बायकोचं, सुमतीबाईंचं नाव जोडलं. मग त्यांनी लिहिणंच टाकलं. चारचौघांत चहाचा कप उचलणंही टाकलं, आणि मग चारचौघांत जायचं तरी कशाला, म्हणून घरातच बसायला लागले.

१९९८ च्या उन्हाळ्यात सुमतीबाईंनी त्यांना जवळजवळ ढकलतच ज्येष्ठ नागरिकांच्या संगणक मंडळात नेलं. मंडळ म्हणजे धामणकर नाक्याजवळच्या एका इमारतीतली वरच्या मजल्यावरची खोली. एका कापडवाल्याने आपल्या ऑफिसातला संगणक आणि प्रिंटर बदलला, तेव्हा जुने मंडळाला देऊन टाकले होते. विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या विद्युल्लताबाई ओक सकाळी तिथे सगळ्यांना शिकवायच्या. काय शिकवायचं ते आदल्या दिवशी स्वतः शिकून यायच्या, आणि तसं सांगायच्याही.

माधवराव मागच्या खुर्चीवर, उजवा हात खिशात घालून बसत.

एका सकाळी विद्युल्लताबाईंनी ठाण्याहून पाहुणे बोलावले. प्रभाकर गद्रे प्राप्तिकर खात्यातून निवृत्त झालेले. खात्याचं नाव ऐकूनच दोघेतिघे सावरून बसले.

"घाबरू नका, मी आता कुणाचं काही तपासत नाही," गद्रे हसत म्हणाले. "उलट मदत मागायला आलोय. तीन वर्षं झाली, बँका ठेवीच्या व्याजातून कर कापतात. ज्यांना कर लागूच होत नाही अशा किती बायकांचा, म्हाताऱ्यांचा पैसा सरकारकडे पडून आहे! विवरणपत्र भरलं की तो परत मिळतो. पण भरून देणार कोण? तुम्ही द्याल का, फुकट?"

"आम्ही?" मागून कुणीतरी म्हणालं. "आमचंच आम्हाला भरता येत नाही."

गद्र्यांनी संगणकावर एक तक्ता उघडला. पेन्शन, व्याज, सूट आणि तळाशी कर. "आता बघा हं," म्हणून त्यांनी व्याजाचा आकडा बदलला. हात कीबोर्डवरून बाजूला घेतला, आणि कुणी न सांगता खालचे सगळे आकडे बदलले.

पुढचे दोघे उठून पडद्याजवळ वाकले. शेजारच्या कारखान्यातल्या लूमची खटखट भिंतीतून येत होती.

"परत करा," माधवराव म्हणाले. त्यांचं मंडळातलं हे पहिलंच वाक्य होतं.

गद्र्यांनी परत केलं. माधवराव उठून पुढे आले. कोर्टात असताना एक आकडा चुकला की सगळं पान फाडून नव्याने लिहावं लागे. इथे चूक दुरुस्त केली की पुढचं सगळं पान आपणच सुधारत होतं. देवळात गाभाऱ्यापाशी उभं राहावं तसे ते पडद्यासमोर उभे राहिले.

"तुम्ही करून बघा," गद्रे म्हणाले.

माधवरावांनी खिशातून हात काढला. एक कळ दाबायला गेले आणि पडद्यावर तोच आकडा चारदा उमटला. खोडायला गेले तर शेजारचंही खोडलं गेलं. त्यांनी हात परत खिशात घातला. "माझं राहू द्या," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

पुढचे काही दिवस ते आले नाहीत. मग विद्युल्लताबाई स्वतःच घरी आल्या. "माधवराव, चला. तुम्हाला एक दाखवायचंय."

खोलीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. टेबलावर संगणकाबरोबर आलेलं जाड इंग्रजी पुस्तक उघडं होतं.

"ह्यात एक सोय सापडली," बाई म्हणाल्या. "बोट नुसतं लागून गेलं किंवा तीच कळ लागोपाठ दाबली गेली, तर संगणक तिकडे लक्षच देत नाही. आपण जरा दाबून धरली, तरच धरतो. मी ती चालू केलीय."

"म्हणजे माझी थरथर तो सोडून देणार?"

"सोडून देणार. तुम्हाला जे लिहायचंय तेवढंच घेणार. बसा."

माधवरावांनी घाबरतच बोट टेकवलं. हात थरथरत होता, बोट कळेवर उडत होतं. पडद्यावर एकच अक्षर आलं. मग दुसरं. बोटांना सवयीची होती तीच ओळ त्यांनी लिहिली: ट्रू कॉपी. प्रत्येक नकलेखाली लिहायचे ती. बाईंनी प्रिंटर चालू केला. तो किरकिरत कागद बाहेर ढकलू लागला, आणि कागदावर अक्षरं आली, ओळीत, ताठ.

माधवरावांनी कागद उजेडाकडे धरला. तो त्यांच्या हातात थरथरत होता, अक्षरं मात्र जागच्या जागी होती. "हे कुणी केलं असेल हो?" त्यांनी विचारलं. "कुठे तरी परदेशात बसून कुणाला सुचलं असेल, की जगात एखाद्याचा हात असाही असेल?"

विद्युल्लताबाईंनी त्या जाड पुस्तकाची पहिली-शेवटची पानं चाळली. कुणाचंच नाव कुठे नव्हतं.

जूनमधल्या एका रविवारी मंडळाने मदतीसाठी खोली उघडली. छापील विवरणपत्र बाकीचे भरणार आणि त्याला जोडायचा हिशेबाचा कागद माधवराव तयार करणार, असं ठरलं. जवळच्या पूर्णा गावातून ठकुबाई आल्या. रस्त्यात शेत गेलं, त्याची भरपाई त्यांनी बँकेत ठेवली होती. कर कापल्याचा बँकेचा दाखला पिशवीत घडी करून आणला होता.

"मास्तर, का कापला पैका माझा? मी काय गुन्हा केलाय?"

"काही गुन्हा नाही, ठकुबाई. परत मागायचाय आपल्याला. तुमचाच आहे."

ठकुबाई त्यांच्या हाताकडे बघत होत्या. माधवरावांनी तो लपवला नाही. दाखल्यातले आकडे सावकाश भरले. सगळं भरून झाल्यावर कराच्या जागी शून्य आलं. कागद बाहेर आला, तेव्हा ठकुबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे.

"आई गं," त्या हळूच म्हणाल्या. "हात कापतो नि अक्षर न्हाय कापत. देवाचं यंत्र हाय का ह्ये?"

"माणसाचंच आहे," माधवराव म्हणाले. "म्हणूनच तर नवल वाटतं."

दिवाळीनंतर ठकुबाईंचे पैसे परत आले. ते सांगायला त्या एकट्या आल्या नाहीत. पूर्ण्याच्या राहीबाई, मानकोलीच्या धोंडूबाई आणि त्यांच्या ओळखीच्या आणखी बायका, सगळ्या आपापले दाखले घेऊन मंडळाच्या जिन्यात बसल्या होत्या. सुमतीबाईंनी सगळ्यांसाठी घरून चहा करून आणला. माधवरावांनी सगळ्यांदेखत कप उचलला. थोडा चहा बशीत सांडला, तो बशीतूनच प्यायले, आणि पहिल्या बाईला म्हणाले, "या, बसा. नाव काय घालू?"