खाणीचा ठाव

मी बोलतोय, पण माझा आवाज तुमच्या कानाला लागायचा नाही. तो पाण्यासाठीच केलेला आहे. मी पाण्यात हाक मारतो, हाक तळावर आदळून माघारी येते. तिला यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी किती खोल आणि वाटेत मासे आहेत का, ते स्क्रीनवर उमटतं. मला ट्रान्सड्यूसर म्हणतात. माझा मालक वैजनाथ मला ठोकळा म्हणतो, आणि दिसायला मी आहेही तसाच: काळा, तळहाताएवढा, मागे लांबलचक वायर.

पुण्यातल्या एका दुकानात मी वर्षभर काचेआड पडून होतो. शेजारी माझा मोठा भाऊ होता. त्याची हाक रुंद पसरते, एका दमात पुष्कळ पाणी बघते. माझी हाक अरुंद. मला थोडंच दिसतं, पण जे दिसतं ते नीट दिसतं. गिऱ्हाइकं भावाला उचलून बघायची, मला बाजूला सारायची.

एके दिवशी सुकन्या आली. नगरच्या एमआयडीसीत वायरिंगचं काम करणारी, पाथर्डीकडच्या गावची मुलगी. वडील वैजनाथ गावच्या तलावात मासे धरायचे. अठरा वर्षं ऊसतोडीला जाऊन त्यांचा गुडघा गेला होता. थर्माकोलच्या तराफ्यावर तोल राहीना. म्हणून तिने एका क्लबची जुनी पिवळी कयाक, म्हणजे बसून वल्हवायची अरुंद होडी, त्यांना आणून दिली होती. आता त्या कयाकला डोळा हवा होता.

दुकानदार अनिमेष म्हणाला, "हा मोठा घ्या ताई. मासे जास्त दाखवतो."

"आमच्या तलावात तळाला बाभळीची खोडं आहेत," ती म्हणाली. "आप्पांची जाळी त्यातच फाटतात. रुंदवाल्याला खोड वेगळं आणि मासा वेगळा दिसेल?"

अनिमेषने जरा डोकं खाजवलं. "एवढ्या उथळ पाण्यात सगळं एकात एक दिसेल. मग हाच न्या, छोटा."

घर मिळालं, पण वैजनाथला मी काही रुचलो नाही. "पस्तीस वर्सं पानी बगतोय मी. ह्यो ठोकळा मला काय शिकिवनार?" तरी सुकन्याने मला कयाकच्या आत, तळाला घट्ट गोंदाने चिकटवलं. भोक पाडायला नको, असं तिला वाटलं.

मे महिना लागला आणि तलाव आटत गेला. गावच्या नळयोजनेची मोटर गाळ ओढायला लागली. नळाला चहासारखं पाणी यायचं, तेही दोन दिवसांआड. टँकर आठवड्यातून एकदा. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपचं तोंड, खोल पाण्यात सरकवायचा, पण खोल कुठे आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. सगळीकडे तेच सात फूट पाणी आणि खाली चिखल.

तेव्हा बनुबाई बांधावर आली. सत्तरीच्या घरातली, वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"वैज्या, खान हाय रं तितं. भाहत्तरच्या दुस्काळात ह्यो तलाव आमीच केला. बांधाला दगुड जितनं काडला ती खान पान्याखाली गेली. सोळा वर्सांची हुते मी."

"मावशे, पन्नास वर्सं झाली. भरली आसंल गाळानं."

"येवडी मोटी खान भरती व्हय? देवळाचा कळस आन् त्या डोंगराची खाच एका रेघंत धर. मंग ह्या बांधाकडनं हाक ऐकू यील येवड्या लांब."

वैजनाथ निघाला. रेघ धरून तो दोनदा गेला, दोनदा आला. मी हाका मारत होतो, पण त्या माझ्यापाशीच घुटमळून परत येत होत्या. गोंदात हवेचे बुडबुडे राहिले होते, आणि हवा माझी वैरीण. हवेतून माझा आवाज जात नाही. स्क्रीनवर कधी तीन फूट, कधी काहीच नाही. माझ्या बोलण्याला अर्थ उरला नव्हता आणि मला ते सांगता येत नव्हतं.

बांधावर चार माणसं हसली. "म्हातारीला आटवतंय काय आन् मशीनला दिसतंय काय!" काठाला येऊन वैजनाथने मला बाहेर काढायला हात घातला.

"थांबा आप्पा," सुकन्या म्हणाली. तिने स्क्रीनकडे बराच वेळ बघितलं. "चूक माझी आहे. मी त्याला कोंडून ठेवलंय."

कयाकच्या तळाला, बसणाऱ्याच्या अंगावरचं पाणी निघून जायला, आरपार भोकं असतात. तिने गोंद खरवडून मला सोडवलं आणि अशाच एका भोकात खालून बसवलं, वायर वर काढली. पहिल्यांदाच माझं तोंड उघड्या पाण्याला लागलं. गार, गढूळ, तरीही मोकळं पाणी.

वैजनाथ पुन्हा निघाला. कळस आणि खाच एका रेघेत आली. सात फूट. सात. सात. मग आठ. मग तळच सुटला. माझी हाक खाली, अजून खाली गेली आणि उशिरा परत आली. स्क्रीनवर बावीस.

वैजनाथचं वल्हं हवेतच राहिलं. त्याचा माझ्यावर अजून विश्वास नव्हता. त्याने दोरीला दगड बांधून सोडला. दोरी सुटतच गेली. वर ओढून त्याने ती हाताने, पुरुषभर उंचीच्या मापाने मोजली आणि बांधाकडे तोंड करून ओरडला, "साडेतीन पुरुस हाय! मावशे, हाय तुजी खान!"

दुसऱ्या दिवशी पिंपांवर तरंगता पाइप टाकून फूटव्हॉल्व्ह तिथे सोडला. पहिला तासभर गढूळ आलं, मग नळाला नितळ पाणी यायला लागलं. पावसाळा लागेपर्यंत त्यानेच गाव तगलं.

संध्याकाळी बनुबाईने वैजनाथकडे हट्ट धरला, "मला तितवर ने." वैजनाथने तिला पुढ्यात बसवलं. कयाक खाणीवर आली तशी ती वाकून पाण्यात बघू लागली. पाण्यात तिचंच तोंड होतं.

"किती हाय म्हन्तो त्यो?"

"बावीस फूट मावशे. सात वरचं पानी सोडलं तर पंदरा. गाळ बसला त्यो येगळा."

म्हातारी हळूच म्हणाली, "येवडं खनलं व्हय आमी? आमाला कोनी सांगितलंच न्हाई. नुस्त्या पाट्या भरत हुतो."

तिने ओंजळभर पाणी उचललं आणि जिथून घेतलं तिथेच परत सोडलं.

आता माझ्या तोंडावर ओरखडे आहेत, वायरला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे. वैजनाथ कयाक काठाला लावली की आधी मला ओल्या फडक्याने पुसतो, मग स्वतःचे पाय धुतो. तुम्ही माझ्यासारखा कुणी घ्यायला निघालात, तर दुकानात विचारण्याआधी एकदा आपल्या पाण्याला विचारा. आणि काठावर कुणी म्हातारं माणूस बसलेलं असेल, तर त्यालाही. मला खोली सांगता येते. तिथे कोण राबलं, ते त्यांनाच ठाऊक असतं.