शिवलेला डोळा

राधाकिशन डॉक्टरच्या हाताला गुण आहे, ही बोलवा वडवणीत उठवली ती पारूबाईंनी. बारा वर्षांपूर्वी त्याने बसस्टँडमागच्या गल्लीत दवाखाना उघडला, तेव्हा पहिले तीन आठवडे खुर्च्यांवरची धूळ झटकण्यापलीकडे त्याला काम नव्हतं. आयुर्वेदाची डिग्री, ओठावर नुकती मिसरूड, कोण येणार? पारूबाई पलीकडच्या वस्तीवर अंगणवाडी सेविका होत्या. त्यांची सासू अंथरुणाला खिळून होती, पाठीला जखमा झाल्या होत्या. राधाकिशन महिनाभर रोज सायकलवर जाऊन त्या जखमा धूत असे. म्हातारी सुखाने गेली. त्यानंतर ज्या घरात पारूबाई वजनकाटा घेऊन जायच्या, त्या घरात सांगायच्या, "बीडला कावून पळता? राधाकिशन डॉक्टर हाय की." वर्षभरात दवाखान्यात बसायला जागा पुरेना.

त्यामुळे मागच्या आखाडात पारूबाई डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर बारीक गाठ घेऊन आल्या, तेव्हा त्याला बरंच वाटलं. स्वतःच्या दुखण्यासाठी त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"रांजणवाडी आहे," तो म्हणाला. "शेक द्या, मलम लावा. आठ दिवसांत बसेल."

गाठ बसली आणि महिन्याने परत उठली. पुन्हा मलम, पुन्हा गोळ्या. गणपतीच्या सुमारास ती तिसऱ्यांदा उठली, तेव्हा त्याने पापणी उलटवून आतून बारीक चिरा दिला आणि गाठ पिळून काढली. ते त्याचं काम नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. पण वर्षापूर्वी त्याने बीडला पाठवलेल्या एका माणसावरून तिथला तरुण डॉक्टर फोनवर हसला होता. "डोळ्याला कशाला हात लावता, वैद्यबुवा?" ते हसणं राधाकिशनच्या कानातून गेलं नव्हतं. आणि पारूबाईही म्हणाल्या होत्या, "तुमीच करा. मला दुसऱ्याचा हात नको."

इथवर जे झालं ते चुकीत धरता आलं असतं.

दिवाळीच्या आधी पारूबाई पुन्हा आल्या. गाठ आता कडक लागत होती, रंगाने पिवळसर झाली होती. राधाकिशनने टॉर्च जवळ नेला आणि त्याला दिसलं, की गाठीवरचे पापणीचे केस गळून गेलेत. "बसा, आलोच," म्हणून तो आतल्या खोलीत गेला आणि मोबाईलवर शोधू लागला. दोन मिनिटांत सापडलं. उतारवयात एकाच जागी पुन्हापुन्हा येणारी, केस गाळणारी गाठ. रांजणवाडी समजून लोक महिनोन्महिने मलम लावत बसतात. पापणीतल्या तेलग्रंथींचा कॅन्सर असू शकतो. तुकडा काढून लगेच तपासावा.

त्याने ते दोनदा वाचलं, मोबाईल खिशात टाकला, बाहेर आला आणि मलम बदलून दिलं.

का, हे पुढे त्याने स्वतःला शंभरदा विचारलं, आणि दरवेळी उत्तर तेवढंच छोटं निघालं. पाठवलं असतं तर तिथे कुणीतरी पापणी उलटवली असती आणि त्याच्या चिऱ्याचा वण पाहिला असता. 'असू शकतो' म्हणजे 'आहे' असं नव्हे, अशी त्याने मनाची समजूत घातली. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

होळीला पारूबाईंची मुलगी पंचशीला घरी आली. ती लिंबागणेशच्या पोस्टात कामाला होती. आईची पापणी बघून तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिथूनच फोन करून संभाजीनगरच्या डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावला. पारूबाईंनी राधाकिशनला निरोप धाडला, "तुमी संगं चला, डॉक्टर. मोठ्या दवाखान्यात आपलं मानूस पायजे." नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

तिथल्या सर्जन, डॉ. प्रियदर्शनी मॅडम, यंत्रामागून बराच वेळ पापणी बघत होत्या. मग डोकं वर न काढताच म्हणाल्या, "इथे आधी कुणीतरी चिरा दिलाय. कुणी?"

राधाकिशन हातभर अंतरावर उभा होता.

"म्या," पारूबाई म्हणाल्या. "घरीच. सुईनं फोडलं."

"स्वतःच्या हाताने? पापणी उलटवून?"

"आरशात बघून."

मॅडमनी आता डोकं वर काढलं. "आणि हे कोण?"

"आमचे डॉक्टर. यांनीच तर पाठवलं."

पंचशीलाने चमकून आईकडे पाहिलं, मग राधाकिशनकडे. राधाकिशनने भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला घेतली. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर पंचशीला कागद घेऊन खिडकीकडे गेली, तेव्हा पारूबाई हळूच म्हणाल्या, "मानूस हाय, चुकतंय. लोकांनी तुमच्या दारात यायचं थांबू नये म्हनून बोलले मी." तो नुसताच मान हलवत राहिला. त्या क्षणीसुद्धा त्याला पहिल्यांदा वाटलं ते 'सुटलो'. लाज त्याच्या मागून आली, आणि आली ती मुक्कामालाच.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. मानेच्या आणि कानापुढच्या गाठींपर्यंत गेला नव्हता, हे नशीब. डॉ. प्रियदर्शनींनी कोऱ्या कागदावर डोळा काढला आणि पेन फिरवत समजावून सांगितलं.

"वरची पापणी जवळजवळ सगळी काढावी लागेल. मग उघड्या डोळ्यावर झाकण हवं, नाहीतर बुबुळ सुकून जाईल. ते झाकण आपण खालच्या पापणीतून घेणार. खालच्या पापणीची कड तशीच ठेवायची, पुलासारखी. पुलाच्या खालचा पट्टा सोडवायचा, बाहेरच्या कातडीपासून आतल्या ओल्या थरापर्यंत सगळा. तो पुलाखालून वर ओढायचा आणि वर शिवायचा. आत आधाराला कानाची थोडी कूर्चा."

"म्हंजे डोळा शिवून टाकणार?" पारूबाईंनी विचारलं.

"सहा-सात आठवडे. पट्टा खालून रक्त घेतो आणि वर रुजतो. रुजला, की तो कापून डोळा उघडायचा. तोवर त्या डोळ्याने दिसणार नाही. आणि नव्या पापणीला केस येणार नाहीत."

"केसाचं काय करायचंय मला," पारूबाई म्हणाल्या. "लेकराचं वजन वाचता आलं म्हंजे झालं."

मॅडम कागदाची घडी घालत सहज म्हणाल्या, "चार-पाच महिने आधी तुम्ही आला असतात, तर छोटा तुकडा काढून दोन्ही कडा जोडल्या असत्या. त्याच दिवशी घरी." कुणाला बोल लावायचा म्हणून त्या म्हणाल्या नव्हत्या. राधाकिशनने मनात दिवाळीपासूनचे महिने मोजले.

ऑपरेशन नीट झालं. टाक्यांच्या पुढची काळजी गावातच घेतली तरी चालेल असं ठरलं, आणि ती अर्थातच राधाकिशनकडे आली. मॅडमनी फोनवर बजावलं होतं, त्या पुलावर पट्टीचा दाब पडता कामा नये, रक्त थांबलं तर कड मरेल. एक दिवसाआड तो पारूबाईंना खुर्चीवर बसवून पट्टी सोडवायचा, पुलाखालून सलाईनच्या पाण्याने धुवायचा, कापसाच्या बोळ्याने टिपायचा. समोर तो मिटलेला डोळा असायचा, गालाची कातडी वर चढून भुवईखाली शिवलेली. दुसरा डोळा उघडा, त्याच्याकडे बघत असलेला. "दुखतंय का?" तो विचारायचा. "न्हाई, तुमचा हात हलका हाय," त्या म्हणायच्या. त्याला ते ऐकवायचं नाही.

बाहेर बसलेले लोक भलतंच बोलत. "डॉक्टरनं टायमावर धाडलं म्हनून वाचल्या बाई." ही गोष्ट पारूबाईंच्या तोंडून निघाली होती आणि आता गावभर झाली होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वस्तीवरचे निवृत्ती दवाखान्यात आले. जयंती मंडळाचे ते अध्यक्ष. "साहेब, चौदा तारखेला स्टेजवर तुमचा सत्कार करायचं ठरलंय. न्हाई म्हनायचं न्हाई."

राधाकिशन नाही म्हणाला नाही. पण तेरा तारखेला दुपारी त्याने दवाखान्याला कुलूप लावलं आणि पारूबाईंच्या घरी गेला.

दारापुढे पोरं निळ्या पताका ओवत बसली होती. आत पारूबाई खाटेवर होत्या, पंचशीला रजा काढून आलेली. तिने पाणी दिलं. त्याने तांब्या तसाच धरून ठेवला.

"उद्या मी येणार नाही," तो म्हणाला.

"कावून? आजारी हाय का?"

"दिवाळीत तुम्ही आलात, तेव्हा मी मधेच आत गेलो होतो. आठवतंय?" आवाज आपला नाही असं त्याला वाटलं. "पापणीचे केस गळलेले दिसले मला. आत जाऊन वाचलं. कॅन्सर असू शकतो, असं लिहिलं होतं. मग बाहेर येऊन मलम दिलं."

पारूबाई खाटेवर सावरून बसल्या.

"म्हंजे तुमाला कळलं होतं."

"शंका आली होती."

"शंका आली होती म्हंजे कळलंच होतं की."

"हो."

"आन होळीपातुर मलम देत राह्यले."

"हो."

पंचशीला भिंतीला टेकून उभी होती. "कशापायी? एवढंच सांगा."

"लाज वाटली," तो म्हणाला. "माझा चिरा कुणीतरी बघेल म्हणून."

"तुमच्या लाजेपायी माझ्या आईची पापणी गेली." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पारूबाईंनी पदर सारखा केला. "मला वाटलं होतं, तुमाला जमलं न्हाई. न्हाई जमत एखांद्याला. म्हनून मी त्या बाईपुढं खोटं बोलले, माझ्या अंगावर घेतलं. चुकीवर पांघरून घातलं म्या, डॉक्टर. ह्याच्यावर न्हाई घातलं." मग म्हणाल्या, "उद्यापून पट्टी सरकारी दवाखान्यात करीन. निवृत्तीला तुमीच सांगा. माझ्या तोंडातून ते निघायचं न्हाई. जावा आता."

निवृत्ती चौकात स्टेजच्या बांबूला दोरी बांधत होते. राधाकिशनने त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, या वेळी कुठे न अडखळता. निवृत्तींनी दोरी सोडली नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "एक सांगा. तुमच्या भावकीतली बाई आसती, तरी मलमच दिलं आसतं का?"

राधाकिशनने तोंड उघडलं. दिलं असतं, असं तो म्हणणार होता. पण ते खरं आहे की नाही, हे आपल्याला माहीत नाही, असं त्याच्या ध्यानात आलं. एवढे दिवस स्वतःची उलटतपासणी करताना हा प्रश्न त्याला एकदाही सुचला नव्हता. "माहीत नाही," तो म्हणाला. निवृत्तींनी मान वळवली आणि दोरीला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी त्याने डॉ. प्रियदर्शनींना फोन केला. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "लिहून पाठवा, सहीनिशी. पेशंटच्या फाईलला लावते." त्याने लिहून पाठवलं. दवाखान्यातली गर्दी निम्मी झाली. पण निम्मी उरलीच, आणि त्या लोकांचं त्याला जास्त लागायचं. एखादा म्हातारा पाठीवर थाप मारून म्हणायचा, "व्हतंय आसं, डॉक्टर. सोडून द्या." कुणी सोडून द्यायचं, हे तो विचारत नसे.

मेच्या मध्यावर डोळा उघडायचा होता. कुणी बोलावलं नसताना तो पहाटेच्या गाडीने संभाजीनगरला गेला आणि हॉस्पिटलच्या तळमजल्यावर बसून राहिला. दुपारी पंचशीला औषधं आणायला खाली उतरली आणि त्याला पाहून थबकली.

"उघडला डोळा," ती म्हणाली. "दिसतंय. वर येऊ नका." दोन पावलं जाऊन ती वळली. "पाच वर्षं तपासायला यावं लागणार हाय आईला. दर चार महिन्याला. म्हनून सांगते." तो अडीचच्या एसटीने परत निघाला.

श्रावणात, एका सोमवारी, पारूबाई दवाखान्यात आल्या. सरकारी डॉक्टर बैठकीला गेले होते, आणि पारूबाईंसोबत अंगणवाडीतली चार वर्षांची एक पोर होती, तापाने फणफणलेली, कान धरून रडणारी. पारूबाई खुर्चीवर बसल्या नाहीत.

"दोन दिवस ताप हाय. हिची आई कामाला गेलीया," त्या म्हणाल्या. "कळत आसंल तर बघा. न्हाईतर तसं सांगा."

राधाकिशनने पोरीचा कान पाहिला, घसा पाहिला, छाती ऐकली. "कानात पू झालाय. एवढं मला कळतं. पाच दिवसांचं औषध देतो. तीन दिवसांत ताप उतरला नाही तर बीडला न्या. माझ्याकडे आणू नका."

चिठ्ठी घ्यायला पारूबाई हात पुढे करत होत्या, तेव्हा त्याला ती पापणी दिसली. गुळगुळीत, केसाविना, किंचित खाली उतरलेली. नजर चुकवायला त्याला उशीर झाला.

"बघा की," पारूबाई म्हणाल्या. "नीट बघा."

त्याने पाहिलं. त्यांनी डोळा मिटून दाखवला, पुन्हा उघडला. पापणी पूर्ण मिटत होती. "चांगली बसलीय," असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ते म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, हे समजण्याइतका तो शहाणा झाला होता. पारूबाईंनी चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली, पोरीला कडेवर घेतलं आणि त्या निघून गेल्या. पुढच्या माणसाला आत बोलवायला राधाकिशनला जरा वेळ लागला.