टेपच्या दारात अडकलेले साहेब

ऐका ना, आणि मध्ये बोलू नका, माझी लिंक तुटते.

तुम्हाला माहितीये, मी कॉलेजात तो कोर्स करतेय, इंजेक्शनच्या कंपनीत कामाला लागायचा. कंपनीत क्लीनरूम असते, तिथे धुळीचा कणसुद्धा चालत नाही. आता आमच्या कॉलेजकडे क्लीनरूम कुठली? मॅडमनी बाकं मागे सरकवली आणि फरशीवर पिवळी टेप चिकटवली. मोठा चौकोन म्हणजे क्लीनरूम, त्याला लागून छोटा चौकोन म्हणजे एअरलॉक. एअरलॉकला दोन दारं, बाहेरचं आणि आतलं. एक उघडायचं तर दुसरं लावलेलंच पाहिजे. दारं अर्थात हवेतली. कोपराने ढकलायची.

दोन्ही उघडी राहिली की अलार्म. तो आमच्या वर्गातली मौनी वाजवायची, तोंडाने. ही एरवी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. पण अलार्म म्हणाल तर टूंऽऽ टूंऽऽ, खिडकीच्या काचा हलतात!

मला तिथे रेडिओ म्हणतात. क्लीनरूममध्ये बोलायला बंदी, बोललं की तोंडातून कण उडतात, आणि माझं तोंड... हसू नका रे.

परवा कंपनीचे साहेब आले, एकच जण निवडायला. निघताना दादा म्हणाला, "नाही झालं तर उद्यापासून दुकानात बस." दादाचं गाद्यांचं दुकान! दिवसभर कापूस उडतो, नाकात, डोळ्यांत, चहात. मी ठरवलं, आज जीव गेला तरी तोंड उघडणार नाही.

माझा नंबर आला. टोपी, मास्क, गाऊन, सगळं चढवलं, एअरलॉकमधून आत गेले, एका बाटलीतलं पाणी दुसरीत ओतायला लागले. हळूऽऽ. थेंब सांडला नाही. साहेबांना माझं काम जवळून बघावंसं वाटलं. त्यांनी अगदी रीतसर कोपराने बाहेरचं दार ढकललं, एअरलॉकमध्ये पाऊल टाकलं, आणि...

टूंऽऽ टूंऽऽ!

मी आतलं दार लावायलाच विसरले होते!

"कुणी हलायचं नाही!" मॅडम ओरडल्या. "बाहेरचं दार लॉक झालं. आता आतलं लागेपर्यंत उघडणार नाही."

मला वाटलं साहेब हसतील. कसलं काय! त्यांनी हवेला दोनदा धक्का मारून पाहिला. "खरंच उघडत नाहीये हो."

तेवढ्यात प्राचार्य चहा घेऊन आले, ते सरळ टेपवरूनच.

"सर, भिंत!" अख्खा वर्ग किंचाळला.

प्राचार्य गचकन थांबले आणि कप सांभाळत चौकोनाभोवती फिरायला लागले. "अरे, याला दार कुठंय?"

"लॉक आहे सर," साहेब रडवेले झाले. "चहा गार होतोय का?"

मी धावत नाही, हं, हळूच आतल्या दाराशी गेले. लावायला बघते तर दार लागेना. वाटेत साहेबांचं पोट! मी खुणेने सांगितलं. स्वतःच्या पोटावर हात ठेवला, आत ओढून दाखवलं.

"नको नको, भूक नाही," साहेब म्हणाले. "नुसता चहा पुरे."

मी परत दाखवलं. साहेबांनी मॅडमना विचारलं, "हिच्या पोटात दुखतंय का हो?"

आणि तिकडे मौनी! बिघाड निघेपर्यंत अलार्म थांबवायचा नाही हा नियम, आणि ती नियम पाळणारी. चेहरा जांभळा, डोळे बाहेर, तरी टूंऽऽ चालूच.

"अहो साहेब, पोट आत घ्या ना! मरेल ती!"

संपलं. बोलले मी. मॅडमनी कपाळावर हात मारला. साहेबांनी श्वास ओढला, पोट आत गेलं, मी कोपराने दार लावलं, सगळा वर्ग एका सुरात "खट" म्हणाला, आणि मौनी धप्पकन खाली बसली.

साहेब बाहेर आले, घाम पुसला, गार चहा एका घोटात प्यायले. "ठरलं," म्हणाले, "हिला घेतो."

मी मास्क काढून थँक्यू म्हणणार, तर बोट मौनीकडे!

"आमच्याकडचा खरा अलार्म कधीचा बंद पडलाय. दुरुस्तीला कुणी फिरकत नाही."

"पण तिला टेक्निशियनचं काम..." मॅडम म्हणाल्या.

"तेही करेल की मधल्या वेळात."

माझा चेहरा बघून साहेब जाता जाता थांबले. "रात्रपाळीलाही एक लागेल. पुढच्या महिन्यात येतो. आवाज आहे तुझा, पण त्यात शब्द फार येतात."

म्हणून सध्या दादाच्या दुकानात सराव चाललाय. तोंडात कापूस गेला की टूंचं फूं होतं. दादा म्हणतो, गिऱ्हाइकं दारातूनच पळतात.

तुम्हीच सांगा जमतंय का. उठा, उठा. तू बाहेरचं दार हो. तू आतलं. हं, आता दोघंही उघडा.