शनिवारचा सिनेमा

टीव्हीवरचं तान्हं बाळ रडायला लागलं, तशी शेवंताने झटकन पदर ओढून घेतला. पण शेजारी बसलेल्या नलूला दिसायचं ते दिसलं होतं. शेवंताच्या पोलक्यावर दोन ओले डाग उमटले होते.

शनिवारचा मराठी सिनेमा पाहायला रमाबाईंच्या खोलीत सगळा मजला लोटला होता. सिनेमातली बाई बाळाला देवळाच्या पायरीवर ठेवून हरवलेल्या नवऱ्याला शोधायला गेली होती, आणि कोणी अनोळखी बाई सावकाश पायऱ्या चढत होती.

"ही उचलतेय बघा," रमाबाई म्हणाल्या. "आणि उचलावंच. आईला काळजी असती तर टाकून गेली असती?"

"नवऱ्याचा पत्ता नाही, ती तरी काय करेल?"

"आमचे पत्त्यावर असून काय उजेड पडलाय," मागून कोणीतरी म्हणालं. बायका हसल्या. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं.

नलू हसली नाही. शेजारच्या खोलीतल्या या शेवंताची तान्ही मुलगी जाऊन चार महिने झाले होते. तिचं दूध केव्हाच आटायला हवं होतं. प्यायला कोणी असल्याशिवाय ते टिकत नाही, एवढं नलूला कळत होतं. संपात नलूचं घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चालायचं. ती फोर्टात ऑफिसला गेली की नवरा, वसंत, युनियनच्या सभांना जाई आणि तान्हा हेरंब शेवंताकडे राही. संध्याकाळी नलू धावत येऊन त्याला छातीशी धरी, तर तो तोंड फिरवी. 'वरचं दूध भरपूर पितो, भूक नसेल,' असं वसंत म्हणायचा.

तिने वळून दाराशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. वसंत सिनेमा बघत नव्हता, तिच्याकडेच बघत होता. नजरानजर होताच त्याने मान खाली घातली.

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

मांडीवरचा हेरंब कुरकुरला. नलूने त्याला पदराखाली घेतलं. त्याने जरा ओढून पाहिलं, तोंड बाजूला केलं आणि टाहो फोडला.

"अगं, बाहेर तरी ने त्याला," रमाबाई करवादल्या. "ऐन वेळेला."

शेवंताने हात पुढे केले नाहीत. ते पदरात घट्ट गुंडाळून ती समोर बघत राहिली.

"वहिनी," ती पुटपुटली, "पहिल्यांदा तो आपणहूनच... मी नाही..."

"घे त्याला," नलू म्हणाली.

शेवंताने घेतलं. नलू सरकली आणि टीव्हीकडे पाठ करून, कोणाला काही दिसू नये अशी आड बसली. हेरंब लगेच गप्प झाला. अजून थोडा रडला असता तरी चाललं असतं, असं तिला वाटून गेलं.

"नलू, इकडे बघ की. शेवट चाललाय."

नलू वळली नाही. घोटाघोटाला हेरंबचा गळा हलत होता. शेवंताचं मंगळसूत्र त्याने मुठीत धरून ठेवलं होतं. ती मूठ सोडवायला नलूचा हात पुढे गेला, तिथेच क्षणभर थांबला, आणि मग त्याच्या उघड्या पडलेल्या पावलांवर झबलं ओढून मागे आला.