एक कोयता मागं राहिला

दुष्काळानंतर झाडं लावून वनखात्यानं बंद केलेला आमचा डोंगर यंदा पायवाटेला खुला झाला. तारेचं कुंपण सगळं काढलं म्हणे. झाडी मात्र अशी माजलेली, की बिबट्याला आवतणच.

विहिरी पुन्हा आटलेल्या. ऊसतोडीला न जाऊन सांगता कुणाला? साखर कारखान्याचा ट्रक डोंगरापलीकडच्या सडकेवर येणार होता. मार्गशीर्षातल्या थंडीत आमची टोळी एकामागं एक चढत होती. धुक्यात पुढच्याचं गाठोडंच तेवढं दिसायचं. सगळ्यात मागं माझी शिवकन्या, सातवा महिना लागलेली, आणि जावई पंडित. माझा जीव सारखा मागं ओढत होता.

अर्ध्या चढावर मागून हाक आली, तोंडोतोंडी पुढं सरकली. "कोयता मागं राहिला!"

मुकादम धुळाजी पुढूनच ओरडला, "राहू द्या बे! कारखान्यावर दुसरा देतो. ट्रक थांबणार न्हाई."

मी जागीच थांबले. ऊस तोडायचं हत्यार म्हणजे कोयता, आणि जोडीनं तोडणारे नवराबायको म्हणजेही एक कोयताच. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमाला सोयीचा अर्थ बरा कळतो!

"लोखंडाचा का माणसांचा?" मी ओरडले. कुणाला ठाऊक नव्हतं. मी वळले.

"छबुबाई, ट्रक चुकंल!" धुळाजी पुन्हा ओरडला.

"चुकू दे! लेक हाय माझी!"

रांगेत शेवटी जानकीबाई भेटली. "पंडितची हाक आली, तशी म्या पुढं दिली. मागंच हायती की," ती म्हणाली आणि वळून बघते तर मागं कुणीच नाही.

मी तशीच खाली धावले. डाव्या हाताला पाला खसखसला, थांबला. उग्र वास आला. तरी मी लेकीचं नाव घेऊन बोंबलले.

"माय..."

सगळं काढलं म्हणे, त्याच कुंपणाची तार गवतात तशीच होती. शिवकन्येचा पाय तिच्यात अडकून रक्तबंबाळ झालेला. पंडित झाडीकडं तोंड करून उभा. कोयता त्याच्या हातातच होता.

"मामी, हळू. ते इथंच हाय."

मी तार ओढली. हलेना. झाडीतली गुरगुर जवळ आली.

तेवढ्यात वरून दगड घरंगळले. जानकीबाई, तिचा नवरा, मागं सगळी टोळी, थाळ्या बडवत खाली आली. गुरगुर थांबली. चौघांनी तार ताणली, पाय सुटला. शिवकन्येनं पोटावर हात ठेवला.

"हलतंय, माय."

मी ढसाढसा रडले.

वरून धुळाजीची हाक आली, "अरे, किती कोयते मागं राहिले?"

"सगळे!" जानकीबाई ओरडली. "पुढं अर्धाच गेलाय!"