दोरीबरोबर वर गेलेला विल्फ्रेड

चर्चमध्ये चिरनिद्रा घेणाऱ्या कवीच्या जयंतीला गावकरी मनोऱ्याखाली उभे राहून दोऱ्या ओढून वरच्या घंटा वाजवत. यंदा बुजरा विल्फ्रेड त्यांच्यात नवा होता. शेजारच्या दोरीवरची हेस्टर उद्या गाव सोडणार होती, आणि लग्नाचा प्रश्न अजून त्याच्या ओठांवरच अडला होता. घंटेच्या झोक्याने दोरी वर जाताना हात सोडायचे असतात, हे तिच्याकडे पाहता पाहता तो विसरला आणि थेट छताकडे निघाला.

"अरे बावळटा, सोड!" पलीकडच्या दोरीवरच्या म्हाताऱ्या पार्जिटरबाई ओरडल्या.

कवीच्या थडग्यावर फुले वाहणाऱ्या पाहुण्यांनी माना वर केल्या. अधांतरी विल्फ्रेडची भीड कुठल्या कुठे पळाली.

"हेस्टर, लग्न करशील माझ्याशी?"

"करीन रे, आधी खाली तर ये!"

तो खाली आला, पण दोरी सोडेना.

"आता कशाला धरलीयस?" बाईंनी विचारले.

"पुन्हा वर जाऊन तेच ऐकायचंय."