सुनंदाबाईंचा लोटा

गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवायची असते, हे मी मकरंदला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. पण नवऱ्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मकरंद सोमवार ते शनिवार पेरुंगुडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत असतो आणि रविवारी खाडीत. आमच्या रस्त्यावर ऑफिसं उगवायला लागली तेव्हा शहाण्या लोकांनी फ्लॅट घेतले. आमच्या ह्यांनी कयाक घेतली, वल्ह्याने चालवायची ती अरुंद होडी. आमच्या ह्या तमिळ शहराच्या दक्षिणेला एक खाडी आहे. तिथल्या कांदळवनातून होड्यांची वाट आखायची, खुणेचे बांबू रोवायचे, कचरा आपण काढायचा आणि राखण कोळ्यांच्या जोडीने करायची, हे त्याचं स्वप्न. काठच्या कुप्पमचा, म्हणजे कोळीवाड्याचा, होकार असेल तरच ते जमणार होतं. वर्षभर त्यांच्याकडे चहा पिऊन पिऊन त्याने पित्त वाढवून घेतलं, तेव्हा कुठे कनकाम्माने मान डोलावली. ती मासळी विकते, पण कुप्पममध्ये तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही.

आरंभ पाडव्याचा हवा म्हणून मकरंदने पहाटेच जाऊन पहिल्या बांबूवर गुढी उभारली. पिवळं रेशमी वस्त्र, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची माळ आणि वर सासूबाईंचा तांब्याचा लोटा. त्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. काठावर तेव्हा चिटपाखरूही नव्हतं.

"संध्याकाळी जाऊन उतरव," मी म्हटलं.

"राहू दे गं चार दिवस. वाटेची खूण होईल."

पुढच्या रविवारी आम्ही दहा-बारा जण होड्या घेऊन पोचलो, तर कोळ्यांची एकही होडी पाण्यात नाही. सगळ्या वाळूत ओढून ठेवलेल्या. गुढीला मात्र हळद फासलेली, हिरव्या बांगड्या अडकवलेल्या, पायथ्याशी लिंबं आणि दिवा.

"बघ, आपलीशी केली त्यांनी आपली गुढी!" मकरंद हरखला आणि कयाक पाण्यात लोटायला वाकला.

कनकाम्मा धावतच आली. "वेंडाम! पाण्यात जायचं नाही!"

"का?" मकरंदने मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं.

"का म्हणून विचारतोस? डोळे नाहीत?"

आम्हाला काहीच उमगेना. गुढीला ओवाळायचं आणि गुढी उभारणाऱ्याला हाकलायचं, हे काय गौडबंगाल? "कुणीतरी कान भरलेत त्यांचे," मकरंद पुटपुटला. त्याचा चेहरा पार उतरला. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्यासाठी वाईटही वाटत होतं.

आमच्याबरोबर शेजारच्या विशालाक्षीताई होत्या, तंजावरकडच्या मराठी, शाळेत शिकवणाऱ्या. त्या कनकाम्माशी बोलून आल्या त्या कपाळाला हात लावून.

"अय्यो मकरंदराव! अम्मनच्या, म्हणजे देवीच्या, उत्सवांत हे लोक असाच खांब रोवतात. हळदीचें वस्त्र, कडुनिंब, सगळें हेंच. तो रोवला कीं उतरेपर्यंत खाडींत वल्हें घालायचें नाहीं. त्या दिवशीं सकाळीं पाहतात तर खांब उभा! कोणीं रोवला कोणास ठाऊक नाहीं, म्हणजे अम्मननेंच. आठवडा झाला, एकानेंही जाळें टाकलें नाहीं."

मकरंदने कयाक ओढून परत वाळूत घेतली.

"आता गप्प राहा," मी कुजबुजले. मला खरंच भीती वाटली. एवढी घरं आठवडाभर कमाईविना बसली, तीही आमच्या आळसापायी. हे कळल्यावर वाट कसली, ते आम्हाला काठावर उभंही करणार नव्हते.

पण तो ताईंकडे वळला. "ताई, मी लावली म्हणून सांगा. उतरवायला मीच आलो नाही, तेही सांगा."

त्यांनी सांगितलं. कोळी आपापसात बोलायला लागले. कनकाम्मा मकरंदला हाताला धरून पाण्याशी घेऊन गेली. उथळ पाण्यात कोळंबीची पिल्लं होती, अगदी काठापर्यंत, पाण्याचा तळ दिसू नये इतकी.

"कित्येक वर्षांत इतकी आली नव्हती," ती म्हणाली. "तू लावलीस म्हणतोस. मग तुझ्याकडून लावून कोणी घेतली?"

मकरंदने गुढीकडे पाहिलं. 

"उतरव," ती म्हणाली. "उद्यापासून आमची जाळी आणि तुझ्या होड्या. पण दर वर्षी ह्याच सणाला लावायची. तेव्हा आठवडाभर तूही काठावर."

लोटा तिने परत दिला नाही. त्यावर काय कोरलंय, एवढंच विचारलं.

"सुनंदा," विशालाक्षीताईंनी वाचलं. कनकाम्माने लोटा कपाळाला लावला.

आता दर पाडव्याला खाडी बंद असते. मकरंद वल्हं मांडीवर घेऊन काठावर चडफडत बसतो आणि कुप्पमच्या बायका लोट्यापुढे सुनंदाम्मा म्हणून नारळ फोडतात.

सासूबाई नागपूरला असतात. लोटा हरवला, असं आम्ही त्यांना सांगितलेलं. पाडवा आला की फोनवर विचारायच्या, "यामिनी, माझा लोटा सापडला का गं?" मी इतकी वर्षं "शोधतेय" म्हणत आले. यंदा लाज वाटली आणि सगळं सांगून टाकलं.

 ओरडतील म्हणून मी रिसीव्हर कानापासून लांब धरला.

"आठवडा झाला की मात्र आठवणीने उतरवा," त्या म्हणाल्या. "लोकांच्या चुली पेटायच्या असतात."